डोंगराआडच्या वस्तीपर्यंत रेडिओ लहरी

(केळापूर तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका हा कापूस आणि तुरीचा, सागवानी जंगलाचा आणि टेकड्यांचा मुलूख आहे. तालुक्याचे मुख्य ठाणे पांढरकवडा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ७ व आताचा ४४, या तालुक्यातून जातो. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलंगणाची हद्द लागते. महामार्गालगत उभे राहिले तर भ्रमणध्वनी उत्तम चालतो. मात्र रस्ता सोडून एखाद्या टेकडीच्या कुशीत वसलेल्या पोडाकडे उतरू लागले की, यंत्राच्या पडद्यावरील संकेताच्या रेघा एकेक करून मावळू लागतात. मनोरा फार दूर नसतो. आड असतो तो केवळ डोंगर.

ही अडचण आज केवळ गैरसोयीची राहिलेली नाही. रास्त भाव दुकानातील अंगठ्याची पडताळणी, मजुरीची हजेरी, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार या सर्व गोष्टी आता बिनतारी जाळ्यावर अवलंबून आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. परंतु अडलेल्या बाळंतिणीच्या घरून तो क्रमांक लागलाच नाही, तर रुग्णवाहिका सज्ज असूनही तिचा उपयोग शून्य. म्हणून रेडिओ लहरी डोंगराआड कशा पोहोचवाव्यात, हा प्रश्न अभियंत्यांचा आहे तितकाच ग्रामसभेचाही आहे.

या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळांत एका नव्या साधनाचा अभ्यास चालू आहे. त्याला ‘पुनर्रचनाक्षम बुद्धिमान पृष्ठभाग’ असे म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कल्पना सोपी आहे. भिंतीवर किंवा खांबावर एक फलक बसवावयाचा. त्यावर येणारी रेडिओ लहर त्याने हव्या त्या दिशेस वळवावयाची. आणि ती दिशा विद्युत आज्ञेने बदलता यावयाची. हे साधन काय करू शकते, काय करू शकत नाही आणि ते आधीच हिशेबाने कसे ओळखावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरसा आणि पांढरी चादर

अजिंठा-वेरूळच्या अंधाऱ्या लेण्यांत विजेचे दिवे नव्हते तेव्हा प्रेक्षकांना चित्रे व शिल्पे दाखविण्यासाठी वाटाडे एक युक्ती करीत. बाहेर उन्हात एक जण आरसा धरून सूर्याचा कवडसा लेण्यात पाठवी. आत दुसरा पांढरे कापड धरून उभा राही. आरशावरून आलेला झोत कापडावर पडे आणि तेथून मंद, पसरट उजेड भिंतीवर फाके.

या युक्तीत आजच्या विषयाची दोन्ही मूलतत्त्वे आली आहेत. आरसा करतो ते परावर्तन : किरण ज्या कोनाने येतो त्याच कोनाने दुसऱ्या बाजूस जातो. कापड करते ते प्रकीर्णन : एका दिशेने आलेली ऊर्जा अनेक दिशांना विखुरते. परावर्तनात झोत तीव्र राहतो पण एकाच जागी पडतो. प्रकीर्णनात उजेड सर्वत्र जातो पण फिका होतो. आणि तिसरी गोष्ट अशी की, आरसा किंवा कापड स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. जेवढे ऊन अंगावर पडेल तेवढ्याचीच ते विभागणी करतात. ओलिताच्या शेतात दारे धरणारा शेतकरी पाटाचे पाणी या सरीतून त्या सरीत वळवितो, पण विहिरीतील पाणी वाढवीत नाही. तसाच हा प्रकार आहे.

रेडिओ लहरी प्रकाशाच्याच जातीच्या आहेत. हाइन्रिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये त्या प्रयोगाने सिद्ध केल्या, तेव्हा त्या परावर्तित करण्यासाठी त्याने जस्ताचे पत्रे वापरले होते. फरक आहे तो लांबीचा. दृश्य प्रकाशाच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. भ्रमणध्वनीसाठी वापरल्या जाणाऱ्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतील फूटपट्टीहून किंचित जास्त. भारतात २०२२ च्या लिलावात पाचव्या पिढीसाठी उपलब्ध झालेल्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र सुमारे साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराहूनही कमी.

कोणता पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोणता खडबडीत, हे या लांबीवरून ठरते. ठोकळ नियम असा की, पृष्ठभागावरील उंचसखलपणा लहरीच्या लांबीच्या आठव्या भागाहून कमी असेल तर लहर त्याला गुळगुळीत समजते. म्हणजे समोरून येणाऱ्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीला चार सेंटिमीटरपर्यंतचे खाचखळगे जाणवत नाहीत. काळ्या दगडाची ओबडधोबड भिंतही तिच्या लेखी आरशासारखी असू शकते. तीच भिंत २६ गिगाहर्ट्झच्या लहरीला पांढऱ्या चादरीसारखी वाटते, कारण तिची मर्यादा दीड मिलिमीटरच्या आतच संपते.

या तत्त्वाचे भव्य उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. परंतु या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. त्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीचे भोक मध्यभागी १० मिलिमीटरचे, तर कडेला २० मिलिमीटरचे. वारा त्यातून आरपार जातो, सूर्यप्रकाशही जातो. मात्र २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अशा रेडिओ लहरींना ती जाळी जवळजवळ अखंड आरसाच वाटते. त्यामुळे तबकड्या हलक्या झाल्या आणि खर्चही आटोक्यात राहिला. लहरीचे गणित आधी नीट मांडले की लोखंड किती वाचते, याचा हा वस्तुपाठ होय.

कोन बदलणारा आरसा

साध्या आरशाला एक मर्यादा आहे. येणारा कोन तोच जाणारा कोन, हा नियम त्याला मोडता येत नाही. दिशा बदलावयाची तर आरसाच फिरवावा लागतो. डोंगरावर पत्र्याचे मोठे फलक उभारून दूरध्वनीच्या सूक्ष्मलहरी दरीपलीकडे वळविण्याची पद्धत जगात पूर्वीपासून आहे. पण तो फलक एकदा रोवला की त्याची दिशा कायमची ठरली.

पृष्ठभागाच्या रचनेतूनच लहरीवर हवा तो परिणाम घडविता येईल, ही दृष्टी भारताला नवी नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले आणि १८९८ मध्ये पिळलेल्या तागाच्या धाग्यांची जुडी वापरून लहरीच्या कंपनाचे प्रतल फिरवून दाखविले. ताग तोच, परिणाम घडविला तो पिळाने. हाच विचार पुढे शतकाने फळाला आला. २०११ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फेदेरिको कापासो यांच्या गटाने दाखवून दिले की, पृष्ठभागावर लहरीच्या लांबीहून लहान असे घटक मांडून प्रत्येक घटकाकडून लहरीला थोडा थोडा वाढता विलंब लावला, तर परावर्तनाचा कोन हवा तसा ठरविता येतो. २०१४ मध्ये चीनमधील त्ये जुन त्सुई यांच्या गटाने अशा घटकांना शून्य व एक असे अंक देऊन त्यांची मांडणी संगणकाच्या आज्ञेप्रमाणे बदलण्याची वाट दाखविली.

हे घडते कसे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ९०० मेगाहर्ट्झची लहर फलकावर अगदी समोरून येत आहे आणि ती ३० अंशांच्या कोनात वळवावयाची आहे, असे समजू. फलकावर लहरीच्या निम्म्या लांबीच्या अंतराने, म्हणजे सुमारे १६.७ सेंटिमीटरवर, धातूचे चौकोनी तुकडे बसविले आहेत. ३० अंशांच्या दिशेने पाहिले तर एका तुकड्यापासूनचे अंतर शेजारच्या तुकड्यापेक्षा ८.३ सेंटिमीटरने कमी पडते. हा लहरीच्या लांबीचा बरोबर चौथा भाग होय. म्हणून पहिल्या तुकड्याने विलंब न लावता, दुसऱ्याने पाव लहरीचा, तिसऱ्याने अर्ध्या लहरीचा आणि चौथ्याने पाऊण लहरीचा विलंब लावून लहर परत पाठविली, आणि पाचव्यापासून पुन्हा हाच क्रम चालू ठेवला, तर त्या दिशेस सर्व तुकड्यांच्या लहरी एकाच वेळी, पावलाला पाऊल जुळवून पोहोचतात. कवायतीत मैदानाच्या वळणावर आतला विद्यार्थी पाऊल आखडतो, बाहेरचा लांबवितो आणि ओळ सरळ राहते; तसेच येथे घडते.

तुकड्याला जोडलेल्या लहानशा डायोडला विद्युतदाब दिला की त्याचा विलंब बदलतो. म्हणजे फलक न हलविता शलाकेची दिशा बदलता येते. यासाठी वीज फार थोडी लागते. पण अजिबात लागत नाही असे नव्हे. फलकाला आज्ञा देणारी एक स्वतंत्र जोडणीही असावी लागते.

प्रतिमानाची आवश्यकता

येथपर्यंतचे वर्णन आदर्श फलकाचे झाले. प्रत्यक्षातील फलक असा आज्ञाधारक नसतो. डायोड स्वस्त व्हावेत म्हणून अनेक फलकांत प्रत्येक तुकड्याला दोनच अवस्था ठेवतात : विलंब शून्य किंवा अर्ध्या लहरीचा. मग वरच्या उदाहरणातील शून्य, पाव, अर्धा, पाऊण हा क्रम शून्य, शून्य, अर्धा, अर्धा असा होतो. परिणाम असा की, फलकाला उजवीकडील ३० अंश आणि डावीकडील ३० अंश यांतील फरकच कळेनासा होतो. दोन्हीकडे सारख्याच शलाका जातात आणि निम्मी ऊर्जा भलत्याच दिशेस वाया जाते. कदाचित तेथे दुसऱ्याच मनोऱ्याच्या क्षेत्रात ती अडथळाही आणील.

याशिवाय काही ऊर्जा साध्या आरशाप्रमाणे मूळच्याच कोनाने परत जाते. काही तुकड्यांच्या बनावटीतील दोष, धूळ व ओल यांमुळे विखुरते. काही फलकातच उष्णतेच्या रूपाने मुरते. म्हणून फलकाचे गणिती प्रतिमान हे एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखे असावे लागते. जमेला एकच रक्कम : अंगावर पडलेली ऊर्जा. खर्चाला पाच बाबी : हव्या दिशेचे परावर्तन, आरशासारखे परावर्तन, नको असलेल्या शलाका, प्रकीर्णन आणि शोषण. जमा व खर्च जुळलेच पाहिजेत. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे व्हित्तोरियो देली-एस्पोस्ती आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रतिमान याच धर्तीचे आहे. फलकातील प्रत्येक तुकड्याचे सूक्ष्म विद्युतगणित न मांडता, संपूर्ण पृष्ठभागाचा ऊर्जेचा ताळेबंद मांडावा आणि परिसराच्या नकाशावर लहरींच्या वाटा काढणाऱ्या संगणकीय पद्धतीत तो जोडावा, असा त्याचा रोख आहे. फलक बसविण्यापूर्वीच त्याचा कवडसा कोठे पडेल आणि किती विखुरेल, हे अजमावण्याचा तो मार्ग होय.

केळापूरसाठी एक हिशेब

शास्त्राची कसोटी अखेर गावात लागते. मनोरा एका टेकडीच्या अलीकडे आणि वस्ती पलीकडे, दोहोंत एकूण अडीच किलोमीटरची वाट, असे कल्पनेतील चित्र डोळ्यांसमोर आणावे. टेकडी नसती तर वस्तीवर जेवढा संकेत मिळाला असता, तेवढाच फलकाच्या द्वारे मिळावा, अशी अपेक्षा धरली तर फलक केवढा हवा?

यासाठी एक सोपे सूत्र आहे. मनोऱ्यापासून फलकाचे अंतर आणि फलकापासून वस्तीचे अंतर यांचा गुणाकार करावा, त्याला लहरीच्या लांबीने गुणावे आणि एकूण अंतराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आदर्श फलकाचे क्षेत्रफळ. फलक मनोऱ्यापासून २,००० मीटरवर आणि वस्तीपासून ५०० मीटरवर असेल, तर ९०० मेगाहर्ट्झसाठी हे क्षेत्रफळ सुमारे १३३ चौरस मीटर येते. म्हणजे साडेअकरा मीटर लांब आणि तितकाच उंच असा फलक, आणि त्यावर सुमारे ४,८०० तुकडे. वादळवाऱ्यात टेकडीवर असा फलक उभा ठेवणे हे मनोरा उभारण्यापेक्षा सोपे काम नव्हे.

मग एक चौरस मीटरचा लहान फलक लावला तर? येथे दुसरा नियम आड येतो. क्षेत्रफळ दुप्पट केले तर पोहोचणारी शक्ती चौपट होते; फलक जास्त ऊर्जा गोळाही करतो आणि ती अधिक नेमकी पाठवितोही. हाच नियम उलट्या दिशेने निष्ठुर ठरतो. १३३ ऐवजी एक चौरस मीटर घेतला तर शक्ती १३३ पटींनी नव्हे, तर १३३ गुणिले १३३, म्हणजे सुमारे १७,७०० पटींनी घटते. भिंतीवर टांगता येईल असा सुबक फलक दाखवून त्याने डोंगरापलीकडचे गाव जोडले जाईल असे कोणी सांगू लागला, तर पंचायतीने हा गुणाकार त्याच्यापुढे ठेवावा.

आता तिसरी आणि सर्वांत उपयुक्त गोष्ट. फलक कोठे ठेवावा? सहज वाटते की मध्यावर. परंतु सूत्रात दोन अंतरांचा गुणाकार आहे आणि बेरीज ठरलेली असताना गुणाकार सर्वांत मोठा होतो तो मध्यावरच. फलक बरोबर मध्यावर, १,२५० मीटरवर ठेवला तर २०८ चौरस मीटरचा लागतो. तोच वस्तीपासून ५० मीटरवर, मनोरा जेथून दिसतो अशा उंचवट्यावर ठेवला तर सुमारे १६ चौरस मीटर पुरतो, म्हणजे चार मीटर बाजूचा चौरस. याचा अर्थ असा की, फलक मनोऱ्याच्या किंवा वस्तीच्या अगदी जवळ असावा. पण वस्तीजवळची अशी जागा मिळेलच असे नाही. आणि कोणत्या उंचवट्यावरून महामार्गालगतचा मनोरा दिसतो, हे त्या गावच्या गुराख्याला संगणकापेक्षा चांगले ठाऊक असते.

लहरी लहान घेतल्या तर फलक लहान होतो. २६ गिगाहर्ट्झसाठी २,००० व ५०० मीटरच्या त्याच उदाहरणात साडेचार चौरस मीटरच्या आसपास क्षेत्रफळ पुरते. परंतु तुकड्यांची संख्या सुमारे १,३८,००० वर जाते, आणि एवढ्या आखूड लहरी सागाच्या भरल्या पानांतून पार होताना फारच क्षीण होतात. पानगळीनंतर चाचणी घेतली आणि संकेत चांगला मिळाला, म्हणून श्रावणातही तो मिळेल असे धरता येत नाही. उलट लांब लहरी टेकडीच्या माथ्यावरून थोड्याफार वाकून खाली उतरतात. डोंगराळ भागात ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला महत्त्व आहे ते यामुळेच.

आणखी एक बाब विसरता कामा नये. संभाषण दोन्हीकडून व्हावे लागते. मनोऱ्याची शक्ती काही दशक वॅट असते. हातातील यंत्र मात्र सुमारे एक पंचमांश वॅटनेच बोलते. मनोऱ्याचा आवाज वस्तीत पोहोचला तरी वस्तीचा आवाज मनोऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. शिवाय ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जाण्याची आणि येण्याची वारंवारता ४५ मेगाहर्ट्झने वेगळी असते. फलकाला दोन्हींवर सारखेच वागता आले पाहिजे. आणि फलकाला कोणती लहर कोणत्या कंपनीची हे कळत नाही. एकीसाठी बसविलेला फलक दुसरीच्या लहरीही वळवील.

योग्य उपाय योग्य जागी

या विवेचनावरून नवे साधन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जेथे अंतरे थोडी आणि लहरी आखूड, तेथे ते खरोखर उपकारक आहे : मोठ्या रुग्णालयाचे आतले कक्ष, शहरातील उंच इमारतींमधील गल्ल्या, कारखान्यांची आवारे. जपानमध्ये जानेवारी २०२० मध्ये डोकोमो या कंपनीने खिडकीच्या काचेसारख्या पारदर्शक फलकाची चाचणी जाहीर केली. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र गट स्थापन केला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात भावी तंत्रांमध्ये याचा समावेश केला. भारत सरकारनेही मार्च २०२३ मध्ये सहाव्या पिढीविषयीचे आपले दृष्टिपत्र प्रसिद्ध केले. ही साधने स्वस्त व टिकाऊ झाली, तर एखाद्या पोडाच्या कडेला चार मीटरचा फलक सौरविजेवर उभा राहणे ही अशक्य गोष्ट नाही.

तोवर मात्र डोंगराआडच्या वस्तीला वाट पाहावयास लावणे न्याय्य नव्हे. तिच्यासाठी मनोरा, संकेत वाढवून पुढे पाठविणारे यंत्र किंवा प्रकाशतंतूची जोडणी हे सिद्ध झालेले उपाय आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये सेवेपासून वंचित असलेल्या २४,६८० गावांत चौथ्या पिढीची सेवा पोहोचविण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. अशा कामांसाठी असलेला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी २०२४ पासून डिजिटल भारत निधी या नावाने ओळखला जातो.

येथे पंचायतीची जबाबदारी सुरू होते. योजनांच्या यादीत गणना होते ती गावाची. पोड मात्र गावठाणापासून दूर, टेकडीच्या वळचणीला असू शकते. गावठाणात संकेत मिळतो म्हणून पोडावरही मिळतो असे गृहीत धरले, तर कागदावर गाव जोडलेले राहील आणि कोलाम कुटुंब मात्र तुटलेलेच राहील. महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी कोलाम हा एक आहे. ज्यांना शासकीय सेवेची निकड सर्वाधिक, तेच लहरींच्या सावलीत असतील तर त्याची नोंद कोणी तरी केलीच पाहिजे.

ती नोंद करणे अवघड नाही. भ्रमणध्वनीच्या यंत्रात संकेताची शक्ती अंकांत दाखविण्याची सोय बहुधा असते. हे अंक उणे चिन्हाचे असतात आणि त्यांचे वाचन थोडे उलटे करावे लागते : उणे ९० हा उणे १२० पेक्षा बलवान. अंकात दहाचा फरक पडला की शक्ती दहापट बदलते. तेव्हा या दोन अंकांत हजारपट अंतर आहे. गावठाण, शाळा, अंगणवाडी, रास्त भाव दुकान आणि प्रत्येक पोड येथे उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा असे वाचन घ्यावे. दिवस, वेळ, जागा, कंपनी यांची वहीत नोंद ठेवावी. कोणत्या उंचवट्यावरून संकेत मिळतो तेही लिहावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम सहज जमेल. विज्ञानाच्या तासाला आरसा आणि पांढरी चादर घेऊन परावर्तन व प्रकीर्णन दाखवावे आणि मग हीच मुले गावाचा लहरींचा नकाशा तयार करू शकतील. असा नकाशा जोडलेला ग्रामसभेचा ठराव ‘आमच्याकडे रेंज नाही’ या एका वाक्याच्या अर्जापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. प्रतिमान मांडणाऱ्या अभियंत्यालाही अशीच प्रत्यक्ष वाचने हवी असतात. त्यांच्यावाचून त्याचा संगणक टेकडीवरील सागाची पाने मोजू शकत नाही.

अधिकाऱ्यांनीही एक पथ्य पाळावयास हवे. नवे साधन पुढे आले की त्याची किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. फलकाचे क्षेत्रफळ किती आणि लहरीची लांबी किती? मनोऱ्यापासून आणि वस्तीपासून त्याची अंतरे किती? हव्या दिशेखेरीज उरलेली ऊर्जा कोठे जाते? या तीन प्रश्नांची आकड्यांत उत्तरे मिळाली तर सार्वजनिक पैसा योग्य जागी पडेल. उत्तरे टाळली गेली, तर तोच पैसा पाण्यात जाईल आणि पोड पूर्वीसारखेच डोंगराआड राहील.

रेडिओ लहर कोणाचे मन राखत नाही. ती भूमितीचे नियम पाळते. ते नियम समजून घेणे शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील गोष्ट आहे. पैनगंगेच्या काठापासून सागवानाच्या शेवटच्या टेकडीपर्यंत, घरात आजारी माणूस असताना संकेताच्या शोधात कोणालाही माळावर धावत जावे लागू नये, एवढे साध्य झाले तरी या शास्त्राचे केळापूर तालुक्यापुरते सार्थक होईल.